विसाव्याचं मागणं

पांडुरंगा, मी बरी व्हावी हे मागणं घेऊन आज तुझ्याकडे आलेले नाही. ते मागायला घरात माणसं भरपूर आहेत. सासूबाईंनी तुळजापूरच्या आईला नवस बोललाय, ह्यांनी शिखर शिंगणापूरच्या महादेवाला सांगून ठेवलंय, माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया शनिवारी मारुतीला तेल घालून येतात, आणि लेक पुण्याहून फोनवर रोज संध्याकाळी माझ्यासाठी रामरक्षा म्हणते. इतक्या दारांत माझं नाव पोचलंय की त्या बाबतीत मी वेगळं काही बोलायला नको.

माझं मागणं दुसरं आहे. ते घरात मोकळेपणाने सांगता येत नाही, कारण ऐकणाऱ्याला ते किरकोळ वाटतं. देवा, मला दोन गोष्टींनी घेरलंय. एक थकवा आणि दुसरी भीती. हात उचलत नाही, पाय फरपटतो, हे सगळ्यांना दिसतं आणि त्याच्यावर सगळे मिळून उपाय करतात. ही दोन्ही कुणाला दिसत नाहीत. म्हणून ज्याला न सांगता दिसतं त्याच्यापाशी आले.

झालं ते तुला ठाऊकच आहे. आमच्याकडे म्हणतात तसं अंगावरून वारं गेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त नेणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकली आणि उजवं अंग लुळं पडलं. डावा मेंदू उजवं अंग चालवतो, हे मी इतकी वर्षं पोरांना फळ्यावर आकृती काढून शिकवत आले. ह्यांनी माझं तोंड एका बाजूला ओढलेलं पाहिलं आणि कुणाला विचारत बसले नाहीत, सरळ गाडीत घातलं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याच्याही आधी सीटी स्कॅन काढून मेंदूत रक्तस्राव झालेला नाही याची खात्री करावी लागते. मोठी वाहिनी अडली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असं तिथल्या तरुण डॉक्टरांनी मागाहून सांगितलं. तो आकडा ऐकून मी गप्पच झाले. आपण वेळेत पोचलो, ह्यांच्या हाताने तू गाडीचं दार उघडलंस, त्याबद्दल आधी तुझ्या पायांवर डोकं ठेवते. मग पुढचं बोलते.

थकव्याचं आधी सांगते. भीती रात्रीची येते, थकवा दिवसभर हलत नाही.

मला थकवा माहीत नव्हता असं नाही. पहाटे उठून डबे, मग शाळा, मग वह्यांचा गठ्ठा, मध्येच निवडणुकीची ड्युटी, लग्नसराईतली जागरणं. अंग अगदी आंबून जायचं. पण रात्री पाठ टेकली की सकाळी मोकळं व्हायचं. हा तसा नाही रे. हा झोपेने जात नाही. सकाळी डोळे उघडते तेव्हा तो माझ्याआधी जागा झालेला असतो. खुर्चीवर बसून अंघोळ, तीही जाऊबाई घालतात, आणि ती झाली की मला तासभर आडवं व्हावं लागतं. परवा त्यांनी साधं विचारलं, "मेथी करू का दोडका?" त्या दोन भाज्यांतली एक निवडताना डोकं इतकं जड झालं की मी उत्तर न देता डोळे मिटून घेतले. स्वयंपाकघरात मिक्सर, बाहेरच्या खोलीत बातम्या आणि त्यात दोघं एकदम बोलायला लागले, की शब्द कानावर पडतात पण त्यांचा अर्थ लावायला माझ्याकडे ताकद उरत नाही. उठून दुसऱ्या खोलीत जावं म्हटलं तर उठायलाही कुणीतरी लागतं.

लोक भेटायला येतात. प्रेमाने येतात, शहाळी घेऊन येतात. त्यांच्याशी बोलायचं, जड जिभेने एकेक शब्द जुळवायचा, कोण कुणाची मावशी ते आठवायचं, हसायचं. अर्ध्या तासाने ते उठतात तेव्हा माझा त्या दिवसाचा सगळा साठा संपलेला असतो. जाताना म्हणतात, "चेहऱ्यावर तेज आहे हो बाईंच्या." आणखी म्हणतात, "आता काय, नुसता आराम. दुसरं काम तरी काय तुम्हाला?" त्यांना कसं सांगू देवा, की आयुष्यात इतकं काम मी कधी केलं नव्हतं. पाणी पिताना हनुवटी खाली घ्यायची, घोट लहान घ्यायचा, गिळताना दुसऱ्या कशाकडे लक्ष द्यायचं नाही. गोळी घेताना तेच. कुशीवर वळताना उजवा हात खाली दबला नाही ना, हे बघायचं, कारण दबला तरी तो मला सांगत नाही. पूर्वी ही कामं माझ्या नकळत होत होती. आता त्यातलं प्रत्येक मला मुद्दाम करावं लागतं.

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी झिडकारलं नाही, हेही तुझेच उपकार. रक्त कमी आहे का, थायरॉइड कसं आहे, झोपेत श्वास अडकतो का, कुठल्या गोळीने गुंगी येते का, सगळं पाहिलं. मग समजावून सांगितलं. माणसाच्या वजनाच्या शंभरात दोन भाग एवढाच मेंदू, पण शरीराच्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. त्यातला काही भाग गेलाय आणि उरलेला भाग त्याची कामं शिकू बघतोय. असा झटका येऊन गेलेल्यांतल्या जवळजवळ निम्म्या लोकांना हा थकवा येतो. झटका लहान होता म्हणून थकवाही लहान असेल, असं नसतं. चांगलं चालायला लागलेल्या माणसालाही तो महिनोन् महिने धरून ठेवू शकतो. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा हायसं वाटलं. मी नाटक करत नाहीये, एवढं तरी कळलं.

पण कळणं वेगळं आणि मनाला पटणं वेगळं. दुपारी मी कॉटवर पडते आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज येतो. सासूबाईंचं वय ७८. त्या चुलीपुढे आणि मी दिवसाढवळ्या झोपलेली. आमच्यात बाईची किंमत तिच्या कामावरून करतात. कुणी तोंडाने बोलत नाही, पण लहानपणापासून ते अंगात मुरलेलं असतं. माझ्या आईने तापातसुद्धा अंथरूण धरलं नव्हतं, आणि गावात तिचं कौतुक व्हायचं ते त्याचंच. तो आवाज ऐकत मी पडून राहते, झोप येत नाही, अपराधी वाटत राहतं, आणि उठते तेव्हा पडायच्या आधी होते त्याहून जास्त दमलेली असते.

विठ्ठला, इथे मला तुझी गरज आहे. मला झोपू दे, आणि झोपताना कुणाची माफी मागायची आहे असं वाटू देऊ नकोस. सासूबाई भाकरी थापतात ती माझ्यावर रागावून नव्हे, मी जेवावं म्हणून थापतात, हे मला त्या आवाजातून ऐकू येऊ दे.

फिजिओथेरपीची ताई रोज सांगते, "काकू, थकल्यावर नाही थांबायचं. थकायच्या आधी थांबायचं." पहिल्यांदा मला ते उफराटंच वाटलं. मग तुझी वारी आठवली. आमच्या फलटणवरूनच तर माउलींची पालखी पुढे जाते. आळंदीपासून पंढरीपर्यंत अडीचशे किलोमीटरची वाट, आणि सकाळचा विसावा कुठे, दुपारचा नैवेद्य कुठे, पुन्हा विसावा कुठे, रात्रीचा तळ कुठल्या गावी, सगळं आधी ठरलेलं आणि छापलेलं. कुणी दमलं म्हणून पालखी थांबत नाही. विसाव्याची जागा आली की थांबते, मग दिंडीतला तरणा पोरगा दमलेला असो नसो. लोणंद झालं, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, तरडगाव झालं, मग फलटण, मग बरड. त्या मधल्या थांबण्याला आजवर कुणी आळस म्हटलेलं नाही, आणि विसावे गाळले तर पालखी लवकर पोचेल असंही कुणाच्या मनात येत नाही. माझ्या दिवसाचे विसावे तूच नेमून दे, देवा. अंघोळीनंतरचा एक, व्यायामानंतरचा एक, पाहुण्यांनंतरचा एक. घरातल्यांना ते तितकेच पक्के वाटू देत. आणि एखाद्या चांगल्या दिवशी अंगात जोर वाटला म्हणून मी ते मोडायला निघाले तर मला आवर, कारण त्या दिवसाचं देणं पुढचे दोन दिवस फेडावं लागतं.

आता भीतीचं सांगते.

दिवा मालवला की ती सुरू होते. डाव्या पायाला मुंग्या आल्या तर वाटतं, आता हीपण बाजू गेली. डोकं दुखलं तर वाटतं, आत काहीतरी फुटलं. छातीत धडधड झाली की मी ठोके मोजते आणि मोजल्याने ते वाढतात. अंधारात डावा हात वर करून बघते. मनातल्या मनात माझं नाव, शाळेचं नाव, मग बाराखडी म्हणून बघते, बोबडी वळत नाही ना. मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्वतःकडे बघून हसते आणि ओठांची दोन टोकं सारखी वर जातात का ते तपासते. ती आधीच सारखी जात नाहीत, मग काल किती जात होती ते आठवत बसते. झोपेचीच भीती वाटते. झोपेत झालं तर कुणाला कळणार? सकाळी उठेपर्यंत किती वेळ गेला असेल? ते साडेचार तास माझ्या डोक्यात रात्रभर चालू राहतात.

बीपीच्या मशीनचा तर मी ध्यासच घेतला होता. पट्टा बांधायचा, आकडा बघायचा, घाबरायचं. घाबरून पुन्हा बांधायचा, आणि आकडा आणखी वर. शेवटी ह्यांनी मशीन कपाटात ठेवलं. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, पाच मिनिटं गप्प बसून, पाय जमिनीवर, पाठ टेकलेली, हात टेबलावर छातीच्या पातळीला, असंच मोजायचं आणि वहीत लिहायचं, ही डॉक्टरांची सक्त ताकीद. मी मानते. पण मधल्या वेळात माझी नजर त्या कपाटाकडे जाते, ते तू बघतोसच.

डॉक्टर म्हणतात, ही भीतीही या आजाराचाच भाग आहे. पहिल्या वर्षात चार-पाच जणांमागे एकाला ती इतकी धरते की तिच्यावर उपचार करावे लागतात. दुसऱ्या झटक्याचा धोका सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त असतो, मग उतरत जातो, आणि गोळ्या तो आणखी उतरवतात. मला धीर यावा म्हणून त्यांनी हे सांगितलं. पण देवा, मी त्या सुरुवातीच्या आठवड्यांतच आहे ना अजून. उतार पुढे आहे, आणि तिथवर मला रात्री काढायच्या आहेत.

भीती सगळीच काढून घे, असं मी म्हणणार नाही. थोडी राहू दे. सकाळची ॲस्पिरिन, बीपीची गोळी आणि रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी चुकणार नाही, इतकी राहू दे. तोंड वाकडं होणं, हात खाली पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही एकाएकी झालं तर "थोडं पडून राहा, बरं वाटेल" असं न म्हणता तडक दवाखाना गाठायचा, एवढी जाग घरात प्रत्येकाच्या मनात ठेव. बाकीची ने. मुंग्यांची ने, धडधडीची ने. पहाटे तीनला डोळे उघडतात आणि मी मेले तर लेकीचं लग्न कोण बघेल इथपर्यंत मन धावतं, ती ने.

ताईने सांगितलंय, भीती आली की श्वास हळू घ्यायचा आणि घेतला त्याहून लांबवत सोडायचा. त्यात मी तुझं नाव घातलंय. आत घेताना विठ्ठल, सोडताना अगदी सावकाश पुन्हा विठ्ठल. 'ठ्ठ' माझ्या जिभेला अजून जमत नाही. जसं उमटतं तसं गोड मानून घे.

आणि एवढ्याने भागलं नाही, मनाच्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली, तर कुणाला त्याची लाज वाटू देऊ नकोस. पायाला पट्टा लावला तर सगळे सरसावून मदत करतात. मनाच्या गोळीचं नाव काढलं की त्याच माणसांचे आवाज खाली येतात. मला हे पटत नाही. ज्या मेंदूला इजा झाली त्याच मेंदूत मनही राहतं.

रडण्याचंही बोलायला हवं. मी रडकी बाई नव्हते. आता टीव्हीवरची साबणाची जाहिरात बघूनही रडू फुटतं आणि एकदा फुटलं की आवरत नाही. माझ्या चौथीच्या वर्गातली मुलं चित्रं घेऊन आली होती. एकाने माझं चित्र काढलं होतं, हातात खडू असलेलं, आणि खडू उजव्या हातात. मी इतकी रडले की मुलं बावरली, एक मुलगी रडायलाच लागली. मला त्या क्षणी दुःख झालं नव्हतं रे, आनंदच झाला होता. पण अंगातून बाहेर पडलं ते हे. मेंदूला इजा झाल्यावर हसण्यारडण्याचा लगाम सैल होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते मुलांना कोण सांगणार? तू त्यांच्या मनातून तो धसका काढून टाक. बाई त्यांच्यावर रागावलेल्या नव्हत्या, एवढं त्यांना कळू दे.

हल्ली मला पुंडलिकाची गोष्ट सारखी आठवते. आईबापांचे पाय चेपत होता, तू दारात आलास, त्याने वीट फेकली, तू तिच्यावर उभा राहिलास. कीर्तनात ऐकली, मुलांना सांगितली. दर वेळी गोष्ट पुंडलिकाची आणि तुझी. पाय चेपून घेणाऱ्या त्या दोघा म्हाताऱ्यांना काय वाटत होतं, ते कुणी सांगत नाही. दारात साक्षात देव उभा आहे आणि पोरगा आपल्यापायी उठत नाही. त्यांना अवघडलं असेल का? "अरे, जा रे बाबा, बघ कोण आलंय" असं म्हणाले असतील का? का त्यांनी डोळे मिटून घेतले आणि सेवा होऊ दिली? मला हेच शिकायचंय. सेवा करायला मला कुणी शिकवायला नको, उभा जन्म तेच केलं. करून घेणं जमत नाही.

ह्यांनी माझी वेणी घालायला सुरुवात केलीय. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या केसांना त्यांनी कधी फणी लावली नव्हती. सकाळी मला खिडकीशी बसवतात, चष्मा लावतात, केसांचे तीन पेड करतात आणि एक पेड दाताखाली धरावा की काय अशा विचारात थांबतात. मग डावा पेड मधल्यावर, उजवा मधल्यावर, असं पुटपुटत विणत जातात. वर फार घट्ट होते, खाली सैल सुटते. रबर लावताना दोन केस ओढले जातात आणि "दुखलं का?" म्हणून विचारतात. मला आतून म्हणावंसं वाटतं, अहो राहू द्या, केसच कापून टाकते. पण ते पुढे येऊन, मान तिरकी करून, झालेली वेणी बघतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय असतं ते तू पाहिलंयस. मला ते वाक्य गिळायची ताकद दे. त्यांना माझ्यासाठी काहीतरी करायचंय, ते करू द्यायची ताकद दे. जनीचं जातं तू ओढलंस तेव्हा तिने तुझा हात बाजूला सारला नव्हता.

एक आकडा मला फार छळतो, तोही तुझ्या कानावर घालते. तीन महिने. ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. "पहिल्या तीन महिन्यांत काय ती सुधारणा, पुढे नाही होत." सुधारणा सुरुवातीच्या महिन्यांत जास्त वेगाने होते हे खरं, पण तीन महिन्यांनी दार बंद होत नाही. वर्षाने, त्याच्याही पुढे माणसं शिकत राहतात, हेही डॉक्टरांनीच सांगितलं. पण लोकांनी पहिला भाग उचलला आणि तोच माझ्या उशाशी आणून ठेवला. मी झोपले की वाटतं, तीन महिन्यांतली एक दुपार वाया गेली. थकवा म्हणतो पड, भीती म्हणते ऊठ. दोन्हीकडून ओढाताण. हा आकडा माझ्या मनातून पुसून टाक, देवा. झोपेतही मेंदू दिवसभराचं शिकलेलं पक्कं करत असतो, हे त्या जागी लिहून ठेव.

गोरोबाकाकांना तू हात परत दिलेस. तेरच्या त्या कुंभाराचे थोटे हात कीर्तनात वर झाले आणि त्यांना पंजे फुटले, असं सांगतात. तसं माझ्यासाठी करून दाखव, असा हट्ट मी धरत नाही. माझ्यापुढे रोज दोन वाट्या असतात. एकीत पावटे, दुसरी रिकामी. उजव्या हाताने एकेक पावटा उचलून पलीकडे टाकायचा. बोटं पावट्याशी जातात, अंगठा येत नाही. मग अंगठा येतो तेव्हा बोटं उघडलेली असतात. मधेच एखादा चिमटीत येतो, अर्ध्या वाटेवर निसटतो, फरशीवर टणटणत कॉटखाली जातो. आणि एखादा पोचतो. वाटीत पडल्याचा आवाज होतो आणि सासूबाई आतून विचारतात, "पडला का गं?" त्या आवाजावर कान लावून भाकरी थापत असतात, हे मला त्या दिवशी कळलं. तू सगळे पंजे एकदम फुटवू नकोस, मला असा एकेक पावटाच दे. फक्त न निसटलेल्यावर मन ठेवायची बुद्धी त्याच्यासोबत दे.

वर्गात मी पाश्चरची गोष्ट सांगायचे. पिसाळलेला कुत्रा चावलेला मुलगा, १८८५ सालची ती लस, मुलं डोळे विस्फारून ऐकायची. परवा लेकीने फोनवर वाचून दाखवलं की १८६८ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, पाश्चरला असाच झटका आला होता आणि डावी बाजू अधू झाली होती. म्हणजे ती लस त्या झटक्यानंतरची. मी काही पाश्चर नव्हे. मला चौथीच्या फळ्यावर 'सजीव आणि निर्जीव' एवढं पुन्हा लिहिता आलं तरी पुष्कळ. उजव्या हाताने नाही जमलं तर डाव्याने, वाकडं आलं तरी चालेल. मुलं वाचतील.

शेवटी माझ्या वॉर्डातल्या माणसांसाठी मागते. पलीकडच्या कॉटवर एक शेतकरी आजोबा होते. त्यांची वाचा गेली होती. समजत सगळं होतं, पण बायकोचं नावसुद्धा तोंडून निघत नव्हतं, आणि ते निघत नाही म्हणून ते कपाळावर हात मारून घ्यायचे. एका संध्याकाळी नर्सने कुठेतरी हरिपाठ लावला आणि त्यांच्या तोंडून 'रामकृष्णहरी' सबंध बाहेर पडलं, स्वच्छ. त्यांची बायको उठून उभी राहिली. पाठ झालेलं, गायलेलं कधी कधी असं शाबूत राहतं, म्हणाले डॉक्टर. त्या आजोबांना त्यांच्या बायकोचं नावही परत दे. आणखी एक मुलगा होता, तिशीच्या आतबाहेरचा. ऊसतोडीच्या फडावरून आणला होता, फार उशिरा, कारण जवळ सीटी स्कॅनची सोय नव्हती आणि वाहन मिळायला रात्र गेली. त्याला कामावर जायची घाई होती. त्याच्या थकव्याला तर विसावा द्यायलाही कुणाला परवडणार नव्हतं. मला निदान पडायला कॉट आहे आणि रजेचा अर्ज मंजूर झालाय. त्याच्या घरी चूल पेटती ठेव. गावोगावच्या दवाखान्यांत ते मशीन आणि ते इंजेक्शन वेळेत मिळावं अशी बुद्धी ज्यांच्या हातात ते आहे त्यांना दे.

आणि ह्यांना झोप दे. मी कुशीवर वळले तरी ते दचकून उठतात. मी हाक मारली तरच त्यांना जाग येऊ दे, आणि मी हाक मारली तर नक्की येऊ दे.

अजून सांगायचं होतं. शाळेचं राहिलं, लेकीचं राहिलं. पण डोकं जड व्हायला लागलंय, आणि थकायच्या आधी थांबायचं असं आत्ताच तुझ्यासमोर ठरलंय. उरलेलं उद्या मागेन.